ग्रीमुरचा डिसेंबर

“आज तारीख काय?” ग्रीमुरनं विचारलं.

“एकोणतीस,” त्याची बायको साल्वर म्हणाली. “मघाशीच सांगितलं ना.”

“मार्चच?”

“मार्चच. काल मार्च होता, उद्याही मार्चच असणार आहे. पड आता गप.”

नर्स दुखणं थांबवणारी सुई घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे बघून त्यानं मान हलवली. नको. आदल्या दिवशीही नको म्हणाला होता. त्याला किती दुखत होतं ते सांगायला डॉक्टर लागत नव्हता. पांघरुणाची कड मुठीत धरून धरून बोटं पांढरी पडली होती. मी क्लेइनांचा, गोड पिळाच्या तुकड्यांचा, डबा मांडीवर घेऊन बसले होते. पहाटे उठून तळल्या होत्या. तो त्यातला तुकडाही खाणार नाही हे मला माहीत होतं, पण आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायला मला जमत नाही.

नर्सनं मला बाहेर बोलावलं. “दुखण्यानं होतं असं,” ती हळूच म्हणाली. “तारखांचा घोळ व्हायला लागतो.”

“त्याचा नाही होणार,” मी म्हटलं. “जन्मभर भरती-ओहोटी डोक्यात ठेवलीय त्यानं.”

ऐटीत बोलले खरी, पण तो तारीख का विचारतो ते मलाही ठाऊक नव्हतं. ते साल्वरनं परतताना गाडीत सांगितलं. हॉस्पिटल डोंगरापलीकडच्या गावात आहे. बोगद्यात शिरल्यावर ती म्हणाली, “रून्ना, त्याला एप्रिल गाठायचाय.”

“एप्रिलमध्ये काय आहे?”

“डिसेंबर,” ती म्हणाली.

मला वाटलं, जागरणांनी बाईचं डोकं फिरलं.

साल्वर आणि मी बंदरावरच्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहून गळांना आमिष लावायचो. लांबच लांब दोरी, तिला शेकडो गळ, प्रत्येक गळाला हेरिंग माशाचा तुकडा, आणि मग ती दोरी टबात अशी वेटोळं घालून बसवायची की समुद्रात फेकताना एकही गळ दुसऱ्यात अडकू नये. टब भरला की त्यात आपल्या नावाची लाकडी पट्टी टाकायची. दोरीचा गुंता झाला तर बोटवाला ती पट्टी सगळ्यांसमोर बाकावर आपटायचा. दुसरीच्या टबाला हात लावायचा नाही हा शेडचा नियम होता. साल्वरची पट्टी मी कधी आपटलेली पाहिली नाही. माझी पाहिली आहे, आणि ती प्रत्येक वेळी मनापासून हसली आहे.

आम्ही ओट्टारच्या बोटीसाठी काम करायचो, पण त्याच्या नोकर नव्हतो. टबामागे पैसे. हात कोपरापर्यंत माशाच्या पाण्यात, आणि कागदावर आम्ही स्वतंत्र व्यावसायिक! म्हणजे मालकीणही आपणच आणि नोकराणीही आपणच. मालकिणीनं दर महिन्याला नोकराणीचा पगार ठरवायचा, त्यातून कर कापून भरायचा, आणि मग नोकराणीनं मालकिणीच्या नावानं बोटं मोडायची.

त्यातल्या त्यात एक बरं होतं. मंत्री असो की गळ भरणारी बाई, सरकार प्रत्येकाला दर महिन्याला करात एकसारखी सवलत देतं. आधी कर काढायचा, मग त्यातून सवलत वजा करायची. कमाई बेताची असली की कर पुसूनच जातो. नवरा-बायकोत एकाची सवलत उरली तर ती दुसऱ्यानं वापरायची. तेव्हा तिचं एक कार्ड मिळायचं. नोकरदारांची कार्डं त्यांच्या मालकांच्या कपाटात असायची, आमच्यासारख्यांची घरी. साल्वरची आणि ग्रीमुरची दोन्ही कार्डं फळीवरच्या कॉफीच्या डब्यात होती.

ग्रीमुरची स्वतःची छोटी बोट होती. आदल्या पावसाळी शरदात त्याच्या फुप्फुसात काहीतरी निघालं आणि बोट विकावी लागली. तेव्हा ब्यार्तमार त्यांच्याकडे आला होता. गावातल्या सगळ्या बोटवाल्यांचे करांचे कागद ब्यार्तमारच भरतो. माणूस सरळ, पण खायला बसला की ताट आपल्याकडे ओढून घेतो. त्या दिवशी मीही होते.

“तुझी कमाई थांबली,” तो ग्रीमुरला म्हणाला. “आजारपणाचा भत्ता येईल, त्याला तुझी सवलत थोडीच लागणार. उरलेली साल्वरकडे वळवू. तिला टब वाढवता येतील, आणि वरचा कर लागणार नाही.”

“म्हणजे मी खाटेवर पडून टब भरतोय म्हण की.”

“तसंच समज.”

“ऐकलंस का गं? आता मला आळशी म्हणायचं काम नाही.”

“तू आणि टब!” साल्वर म्हणाली. “पहिला गळ स्वतःच्याच बाहीत अडकवशील.”

सगळे हसलो. हसू ओसरायच्या आत ग्रीमुरनं विचारलं, “आणि मेलो की?”

ब्यार्तमारची क्लेइना कॉफीत तशीच बुडून राहिली. “नऊ महिने,” तो म्हणाला. “ज्या महिन्यात माणूस जातो तो धरून नऊ. तोवर त्याची सवलत मागे राहिलेल्यानं वापरायची.”

“मेलेल्याची?”

“मेलेल्याची.”

“सरकारात कुणीतरी बायकोला घाबरणारा बसलाय,” ग्रीमुर म्हणाला, आणि बोटांवर महिने मोजायला लागला. साल्वरनं त्याच्या हातावर चापट मारली. मला वाटलं, विषय संपला.

तो संपलेला नव्हता. मार्चमध्ये गेलो तर नोव्हेंबरअखेर सवलत बंद, एप्रिलमध्ये गेलो तर डिसेंबरपर्यंत, म्हणजे वर्ष पूर्ण. एवढाच त्याचा हिशेब. नाताळच्या सणाआधी कॉड माशाला भाव चढतो, बोटी मिळेल त्या हवेत बाहेर पडतात, आणि शेडमध्ये टबांचा डोंगर होतो. डिसेंबरात साल्वर सगळ्यात जास्त कमावायची, हे त्याला माहीत होतं. घर, बोट, साठवण, काहीच मागे ठेवता येत नव्हतं त्याला. एक महिना ठेवता येत होता. आणि सुई घेतली की आपण झोपेतच जाऊ आणि मार्चमध्येच राहू, ही त्याला भीती.

“तू सांग ना त्याला,” मी गाडीत ओरडले. “नको म्हणावं तुझा डिसेंबर!”

“सांगितलं,” साल्वर म्हणाली. “म्हणाला, तू आयुष्यात माझ्याकडून काही मागितलं नाहीस, आता देतोय ते तरी घे.”

एकतीस तारखेचा दिवस मी सांगणार नाही. साल्वर त्याच्यापाशी होती, मी बाहेरच्या बाकावर होते, आणि मध्ये दार होतं, एवढं पुरे.

सकाळी त्याचा आवाज जवळजवळ गेलाच होता. “तारीख?”

“एक एप्रिल,” साल्वर म्हणाली.

त्यानं एक डोळा उघडला. “आजच्या दिवशी लोक फसवतात.”

“मी कधी फसवलंय तुला?”

“लग्नाआधी म्हणाली होतीस, स्वयंपाक येतो.”

नर्सनं शपथेवर सांगितलं तरी पटेना. शेवटी रेडिओ लावला. बातम्या सांगणाऱ्या बाईनं तारीख सांगितली, हवामान सांगितलं, आमच्या खाडीत ईशान्येचा वारा आहे म्हणाली. ग्रीमुरनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग हात पुढे केला. “दे आता सुई.” नर्सनं सुई दिली. “डिसेंबर तुझा,” तो साल्वरला म्हणाला, आणि दुपारी झोपेतच गेला.

मे महिन्यापर्यंत साल्वरनं टब भरले. रडताना मी तिला पाहिलं नाही. बाकाशी उभी राहून मधूनच म्हणायची, “आज दोघांचे भरतेय.” कुणी म्हणालं जरा विसावा घे, तर म्हणायची, “ग्रीमुर कामावर आहे आणि मी विसावा घेऊ?” मग उन्हाळा लागला, गळांचं काम दरवर्षीसारखं थांबलं. सप्टेंबरला मासेमारीचं नवं वर्ष सुरू होतं, तेव्हा शेड उघडायची.

ती उघडलीच नाही. ऑगस्टच्या शेवटी ओट्टारनं बोट विकली आणि बोटीबरोबर मासे पकडायचा हक्कही. घेणारे दक्षिणेकडचे. त्यांच्या जहाजावर गळांना आमिष यंत्र लावतं, आणि ते मासेही तिकडेच उतरवतात. ओट्टार स्वतः साल्वरच्या घरी सांगायला आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा.

“कर्ज होतं,” तो म्हणाला.

“आत ये, कॉफी घे,” साल्वर म्हणाली.

मी असते तर कॉफी अंगावर ओतली असती. मी होतेच म्हणा, पण कॉफी साल्वरची होती.

तो गेल्यावर तिनं विचारलेली पहिली गोष्ट अशी: “रून्ना, आता त्याचा डिसेंबर कसा लागणार?”

दुसऱ्या दिवशी आम्ही ब्यार्तमारकडे. त्यानं शांतपणे समजावलं. कर वर्षाचा एकत्र बघतात. वर्षाच्या कमाईवरचा कर आधी साल्वरच्या स्वतःच्या सवलतीतून जाणार. ती संपली की ग्रीमुरची, एकेक महिना करत. टब तर वसंतातच थांबले. “तुझी स्वतःचीच अजून संपलेली नाही,” तो म्हणाला. “एक पैसा कर लागणार नाही तुला यंदा. काळजी सोड.”

“कर लागायला काय करावं लागेल?”

“काय?”

“कर लागायला हवाय मला. इतका, की त्याची सगळी लागेल. डिसेंबरपर्यंत.”

ब्यार्तमारनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

सगळी दुनिया कर चुकवायला धडपडते. आमची साल्वर कर लागावा म्हणून धडपडायला लागली. सकाळी शाळेच्या फरश्या पुसायची. दुपारी खिंड ओलांडून शेजारच्या गावात जाऊन माशांची डोकी सुकवायला टांगायची. त्या वासानं बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसत नसे. घरी आली की लोकरीचे स्वेटर. गावानं खूप करमणूक करून घेतली. दुकानात एक जण म्हणाला, “साल्वर, माझा कर भर ना, तेवढीच तुझी हौस.” ती म्हणाली, “दे की. पण कमाईही दे त्याच्याबरोबर.” लोकांना वाटलं, नवरा गेला आणि बाईला पैशाची हाव सुटली. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हसले नसते, पण मग त्यांनी कीव केली असती, आणि ते तिला त्याहून नको होतं.

मीही स्वेटर विणले, तिच्या नावावर खपवायला. तिच्या लक्षात आलं. माझी वीण तिच्यापेक्षा सैल. “दुसरीच्या टबाला हात लावतेस होय?” म्हणाली. पण घेतले.

काम मिळेल तेवढं केलं, पण मिळायलाच फार नव्हतं. शाळेत मुलं मूठभर, फरश्या तेवढ्याच. ऑक्टोबरात डोकी टांगायचं काम संपलं. शाळेनं एक वेळची सफाई बंद केली. मी पाहत होते, बाई दिवसेंदिवस वाळत चालली आणि ओठांवर एकच शब्द, डिसेंबर. ग्रीमुरच्या त्या डिसेंबरचा मला राग यायला लागला होता. मेलेल्या माणसाचा राग येतो आणि तो काढायला जागा नसते.

डिसेंबरच्या तेविसाव्या दिवशी आमच्याकडे घरोघर कुजवलेला पाकट मासा शिजतो. वासानं डोळ्यांतून पाणी काढतो, पण त्याच्याशिवाय सण सुरू झाल्यासारखा वाटत नाही. त्या दिवशी साल्वर वर्षाची सगळी कमाई कागदावर मांडून ब्यार्तमारकडे गेली. मी बरोबर. त्याच्या बायकोनं नुकताच पाकट उकडला होता, सगळं घर घमघमत होतं. ब्यार्तमारनं ताट बाजूला सारलं, त्या माणसाला ताट बाजूला सारताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि आकडे तपासले. दोनदा तपासले.

“तुझी स्वतःची संपली,” तो म्हणाला. “ग्रीमुरचा एप्रिल लागला. मे लागला. जूनमधला थोडासा.”

“आणि पुढचे?”

“पुढचे नाही लागले.”

“मग ते पुढच्या वर्षी?”

“नाही, साल्वर. वर्षाबरोबर संपतात.”

“घरी आणता येत नाहीत? पैसे नको देऊ देत. नुसतं लिहून मिळत नाही, की हा त्याचा होता म्हणून?”

“ते पैसे नाहीतच गं. नुसती माफी आहे. माफ करायला आधी काहीतरी लागू व्हावं लागतं.” आणि तिला बरं वाटावं म्हणून तो पुढे म्हणाला, “यात तुझं नुकसान काहीच नाही. उलट चांगलंच आहे, कर नाही भरावा लागत.”

“सुई घेतली नाही त्यानं,” साल्वर म्हणाली.

“कसली सुई?”

तिनं सांगितलं. हॉस्पिटल, तारीख, रेडिओ, सगळं. आवाज न चढवता, दुकानातली यादी वाचावी तसं. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. ब्यार्तमार म्हातारा दिसायला लागला. बोटांवर महिने मोजणारा ग्रीमुर त्याच्या डोळ्यांसमोर आला असणार.

“मला वाटलं, तो थट्टा करतोय,” तो म्हणाला.

“थट्टाच करत होता,” साल्वर म्हणाली. “तुझा पाकट निवतोय. खा.”

वाटेत ती पुढे चालत राहिली. मी मात्र रडले. पाकटाचा वास डोळ्यांत गेला म्हणायची सोय होती, पण मी ते म्हटलं नाही. तो माणूस चार दिवस फुकट भाजून निघाला होता. आमिष लावायला हात होते, हेरिंग होती, समुद्रात मासे होते, आणि तरी फुकट. कुणाला शिव्या द्याव्यात तेही कळत नव्हतं. ओट्टारला कर्ज होतं, ब्यार्तमारनं नियम बरोबर सांगितला होता, आणि ग्रीमुरनं फक्त एवढंच गृहीत धरलं होतं की डिसेंबरात आपल्या गावात काम असतंच. त्याच्या बापानं, आज्यानं, सगळ्यांनी तेच धरलं होतं.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी बंदराच्या टोकाशी होळी पेटवतात. दिवसा गावातलं मोडकंतोडकं लाकूड तिथं रचायचं. त्या वर्षी शेडही साफ करायची होती. नव्या मालकाला ती गाड्या ठेवायला हवी होती. दुपारी थोडा वेळ उजेड असतो, तेव्हा माणसं बाक न्यायला आली. ओट्टार होता, आणखी दोघं-तिघं होते. मीही गेले, म्हटलं, आपण जिथे उभ्या राहायचो ती फळी शेवटची बघावी.

आत दिवा होता. साल्वर बाकाशी उभी होती, रबरी एप्रन बांधून. कोपऱ्यात पडलेली एक जुनी दोरी तिनं घेतली होती, घरच्या फ्रीजरमधली हेरिंग आणली होती, आणि टब अर्धा भरत आला होता. त्यानं काही होणार नव्हतं. तो टब घेणारी बोट नव्हती, त्याचे पैसे देणारं कुणी नव्हतं, आणि दिले असते तरी त्या एका टबानं जूनसुद्धा पुरा झाला नसता. हे तिला माझ्यापेक्षा नीट माहीत होतं.

“बाक न्यायचाय,” एक जण म्हणाला.

“हा झाला की न्या,” ती म्हणाली. मान वर केली नाही.

मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले, तिच्या डाव्या हाताला. हात कोटाच्या खिशात घट्ट धरून ठेवले. माणसं दारात थांबली. थंडी होती, पण कुणी पाय आपटले नाहीत, कुणी तंबाखूची डबी काढली नाही. ब्यार्तमार कुठूनसा आला आणि तोही त्यांच्यात उभा राहिला. तिचा हात नेहमीसारखा चालला होता, गळ, तुकडा, वेटोळं. ग्रीमुरनं आपल्याला काय दिलं आणि आपण त्याचं काय केलं, ते ती त्याला दाखवत होती, असं मला वाटलं. मी विचारलं नाही.

बाहेरचा उजेड जायला लागला तेव्हा शेवटचा गळ बसला. तिनं खिशातून आपली पट्टी काढली, टबात ठेवली, आणि हात पुसले.

“न्या आता,” ती म्हणाली.

माणसांनी बाक उचलला. ओट्टार मात्र टबापाशी आला. वाकला, दोन्ही कड्या धरून तो उचलला. “कुठे ठेवू?”

“कुठे ठेवतात?”

भरलेले टब ठेवायचं शेडमागचं शीतगृह सप्टेंबरपासून बंद होतं, आतला दिवाही लागत नव्हता. ओट्टारनं दार ओढलं, टब रिकाम्या मांडणीवर उजवीकडे ठेवला, जिथे तो सकाळच्या फेरीचे टब ठेवायचा. मग बाहेर येऊन दार लावलं, आणि कडी नीट बसली का ते एकदा ओढून पाहिलं.